लहान मुलांच्या गोष्टीत पात्राचा स्वभाव सांगायचा की दिसू द्यायचा?

ओसरी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

गेले तीनचार महिने एक गोष्ट लिहितेय, साधारण नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी. नंदा नावाची मुलगी, वडिलांची बदली झाली म्हणून कोल्हापूरहून एका लहान गावात येते आणि वर्ष अर्धं झाल्यावर चौथीच्या वर्गात जाऊन बसते, एवढंच कथानक. पहिलं पान भाचीला वाचून दाखवलं. सुरुवात अशी होती : "नंदा खूप प्रेमळ, हुशार आणि धाडसी मुलगी होती. तिचं मन अगदी सोन्यासारखं होतं."

भाचीने तिथेच थांबवलं. म्हणाली, "आत्या, हे तुला कोणी सांगितलं?"

मी म्हटलं अगं मीच लिहिलंय ना, मला माहितीये. तर म्हणे, "पण मला कुठे माहितीये? तिने अजून काहीच केलं नाहीये."

त्या दिवसापासून पेन पुढे सरकत नाहीये. तर माझा प्रश्न असा की तुम्ही लहानपणी वाचलेली जी पात्रं अजून लक्षात आहेत ती तुम्हाला नेमकी कशामुळे कळली? लेखकाने सांगितलं म्हणून, का ते पात्र काही बोललं, काही केलं म्हणून? आणि एवढ्या लहान वाचकाला थोडं सांगावंच लागतं का, नाहीतर त्याला कळणारच नाही असं असतं का? मोकळेपणाने लिहा, मला खरंच मदत हवी आहे.

सायकलस्वार

भाचीला आधी एक छानसं पुस्तक बक्षीस द्या माझ्यातर्फे. चार महिन्यांचं काम तिने एका प्रश्नात केलंय.

माझं उत्तर एका शब्दात : टॉक्.

फास्टर फेणे डोळ्यापुढे आणा. फुरसुंगीचा बनेश, पुण्याला विद्याभवनात शिकायला आलेला, काडीसारखा, सायकलवर. तो शूर होता, हुशार होता, असं भा. रा. भागवतांनी लिहिलं असेलही, मला एकही वाक्य आठवत नाही. आठवतो तो आवाज. त्याच्या तोंडून टॉक् आलं की मी गादीवर उठून बसायचो कारण आता याच्या डोक्यात काहीतरी शिजलंय आणि पुढच्या पानावर हा कुठेतरी घुसणार हे मला त्या गोष्टीतल्या मोठ्या माणसांच्या आधी कळायचं. ते आधी कळणं हीच तर मजा होती. लेखकाने सांगितलं असतं तर ते मला 'कळलं' नसतं, नुसतं ऐकू आलं असतं.

पिंपळपान

टॉक्!!! १९८७ ची दूरदर्शनवरची मालिका आठवली, सुमीत राघवन. आम्ही गल्लीतली सगळी पोरं दिवसभर टाळूला जीभ लावून तोच आवाज काढत फिरायचो, आईने वैतागून अंगणात हाकललं होतं.

सायकलस्वार

@पिंपळपान, अगदी. २०१७ च्या सिनेमात फेणे मोठा झाला, अमेय वाघ झाला, पण टॉक् तसंच राहिलं. पात्राचं वय बदललं, काळ बदलला, हातात मोबाईल आला, तरी एका आवाजावरून आपण त्याला ओळखतो.

तळ्यातमळ्यात

मी थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका.

हे 'सांगू नका, दाखवा' आजकाल फार ऐकतो, लेखन कार्यशाळांमध्ये तर पहिल्याच दिवशी. पण आपल्याकडच्या गोष्टी बघा. आटपाट नगर होतं, तिथे एक गरीब ब्राह्मण राहत होता, तो फार सज्जन होता. झालं! एका वाक्यात माणूस उभा. मुलांना कुठे अडलं? पिढ्यान् पिढ्या ऐकत आलीत. आणि श्यामची आई घ्या. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईविषयी सांगतोय, 'सांगतोय' हाच त्या पुस्तकाचा पाया आहे. आई कशी होती ते तो भरभरून बोलतो, मध्ये मध्ये उपदेशही करतो. साने गुरुजींनी ते १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढलं, आतलं सगळं थेट बाहेर आलंय. त्यांना कोणी म्हणालं असतं का की गुरुजी, जरा कमी सांगा?

लहान मुलाला विश्वासाने काही सांगणं यात वाईट काय आहे हे मला खरंच समजत नाही.

अक्षरवेडी

@तळ्यातमळ्यात, तुमचा मुद्दा मान्य करूनही विचारते, 'श्यामची आई'मधलं तुम्हाला आत्ता डोळे मिटून काय दिसतं?

मला दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे श्याम विहिरीत उडी मारायला घाबरून लपून बसलाय आणि आई हातात शिंपटी घेऊन त्याला शोधून काढते, मारते, आणि पोहायला पाठवतेच. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा सात वर्षांची होते आणि मला ती आई अजिबात आवडली नव्हती!! माझ्या आईने मला असं मारलं असतं तर, असं वाटून मी पुस्तक मिटलं होतं. दुसरी गोष्ट म्हणजे आंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट करतो आणि तीच आई त्याच्या पायाखाली धोंडीवर आपला पदर पसरते.

शिंपटी आणि पदर. एकाच बाईचे दोन हात. ती कडक होती पण प्रेमळ होती असं वाक्य कितीही वेळा लिहिलं तरी माझ्या सात वर्षांच्या डोक्यात ते शिरलं नसतं, आणि मला हे दोन प्रसंग एकमेकांशी जुळवायला पुढे कितीतरी वर्षं लागली. उपदेश मी विसरले. गुरुजींचा अपमान म्हणून म्हणत नाही हे, उलट त्यांनी प्रसंग इतके नेमके निवडले की उपदेश गळून पडला तरी आई उरली.

रानजाई

+१ अक्षरवेडी. वाचता वाचता डोळ्यात पाणी आलं.

बेळगावी कुंदा

लंपनचं नाव अजून कसं नाही आलं इथे?

प्रकाश नारायण संतांची चार पुस्तकं, वनवास, शारदा संगीत, पंखा, झुंबर. कराडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारा माणूस, लिहिलं फार थोडं, पण एक मुलगा असा उभा केला की आमच्या भागातल्या माणसाला तो आपल्याच गल्लीतला वाटतो. लंपन आईवडिलांपासून लांब, आजीआजोबांकडे राहतो. त्याला आईची आठवण येते हे तो किती वेळा म्हणतो? फार नाही. तो काय करतो तर सगळ्या गोष्टी मोजतो. अमुक इतक्या वेळा, अमुक इतकी माणसं, आकडे कायच्या काय मोठे. आणि मनाला भिडलं, डोक्यात भिरभिरलं की सगळं 'मॅड'. त्या आकड्यांच्या आणि मॅडच्या आड त्या पोराचं एकटेपण बसलेलं असतं, ते तुम्हाला हळूहळू दिसायला लागतं आणि मग तुम्ही हसता हसता गप्प होता.

ओसरीताई, माझा सल्ला एवढाच की नंदाला तिची भाषा द्या. ती कोल्हापूरची आहे ना? मग ती 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणेल की! आमच्याकडच्या मुली सर्रास म्हणतात. नव्या गावात त्यावर पोरं हसतील. आणि मग नंदा काय करेल? भाषा बदलेल, का तशीच बोलत राहील? तिथे तुमची धाडसी मुलगी आहे, 'धाडसी' हा शब्द न लिहिता.

ओसरी

@बेळगावी कुंदा, अंगावर काटा आला. मी तिला पुण्याच्या पुस्तकातल्यासारखी बोलायला लावत होते. आज रात्री सगळे संवाद परत लिहिते.

खारीचावाटा

एक शंका. लंपन हे मुलांसाठी लिहिलेलं पुस्तक आहे का? मुलगा नायक असला म्हणजे बालसाहित्य होत नाही ना. मी माझ्या अकरा वर्षांच्या लेकाला 'वनवास' दिलं तर त्याने वीस पानांत परत केलं. तेच पुस्तक मी दर पावसाळ्यात वाचतो.

अक्षरवेडी

खारीचावाटा, प्रश्न रास्त आहे. मला वाटतं लंपन हा मोठ्यांनी लहानपण आठवण्यासाठी वाचायचा आणि फेणे हा लहानांनी लहानपण जगताना वाचायचा. मिलिंद बोकिलांची 'शाळा' पण तशीच, नववीतल्या मुलाच्या तोंडून आहे पण मला ती तिशीत जास्त कळली.

बेळगावी कुंदा

असं काही नाही हं. माझ्या पुतणीने बारावं लागल्यावर वाचलं आणि २०२४ मध्ये वेबसिरीज आली ती बघून परत वाचलं. मूल मुलावर आहे.

बेरीज_वजाबाकी

लंपनवर वेगळा धागा काढा बुवा, ओसरीताईंची नंदा बसलीये वर्गाच्या दारात उभी :)

खडूफळा

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, दुसरी ते चौथी एकाच खोलीत बसतात. रोज शेवटची वीस मिनिटं गोष्ट वाचतो म्हणून हा धागा माझ्या जिव्हाळ्याचा.

तळ्यातमळ्यात म्हणाले की जुन्या गोष्टी सांगूनच मोकळ्या होतात. मला तसं वाटत नाही. भोपळ्यात बसून लेकीकडे जाणारी म्हातारी घ्या. ती हुशार आहे असं गोष्टीत कोणी म्हणत नाही. वाघ समोर येतो, ती म्हणते आत्ता मला खाऊन काय मिळणार, लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येते मग खा. माझी दुसरीतली पोरं या ठिकाणी एकमेकांकडे बघून हसतात, कारण त्यांना म्हातारीचा डाव कळलेला असतो आणि वाघाला नाही.

आणि चिऊकाऊ! चिऊचं घर मेणाचं, काऊचं शेणाचं, पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं, तो दार वाजवतो आणि चिऊ म्हणते थांब माझ्या बाळाला न्हाऊ घालते, थांब तीट लावते. मागच्या वर्षी मी ही गोष्ट सांगून सहज विचारलं, चिऊ कशी आहे? मला वाटलं गुणी, व्यवस्थित, अशी उत्तरं येतील. तिसरीतला एक मुलगा उठून म्हणाला, "वाईट हाय. तो भिजालाय आन् ही तीट लावतीया." वर्गात भांडणच लागलं. निम्मी पोरं म्हणाली बाळ महत्त्वाचं, निम्मी म्हणाली दार आधी उघडायचं, बाळ काय पळून जातंय का. त्या मुलाचं घर त्याच पावसाळ्यात गळत होतं, हे मला नंतर कळलं.

गोष्टीने चिऊला चांगली किंवा वाईट म्हटलं असतं तर तो मुलगा उठलाच नसता.

रानजाई

माझ्या मुलीचं पण हेच मत! चार वर्षांची असताना ती म्हणायची, "आई, चिऊला सांग ना दार उघडायला." मी दर वेळी दार लवकर उघडायला लागले, तीट वगैरे गाळून.

पिंपळपान

आमच्या आजीच्या गोष्टीत चिऊ शेवटी काऊला तव्यावर बसवायची! शेपूट भाजायचं त्याचं. आता विचार करतो तर चिऊ भयंकरच.

बेरीज_वजाबाकी

चिऊच्या बाजूने एक मत नोंदवा. घरात तान्हं बाळ असलेल्या कुठल्याही बाईला विचारा, दार वाजल्यावर लगेच उघडता येतं का.

तळ्यातमळ्यात

खडूफळा सर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्या मुलाचं वाक्य डोक्यातून जात नाहीये.

मग मला वेताळ आठवला. चांदोबात दर महिन्याला शेवटच्या पानांत धावत जाऊन वाचायचो आम्ही. वेताळपंचविशी म्हणजे पंचवीस गोष्टी, अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या कथासरित्सागरातही त्या आहेत. आणि वेताळ काय करतो? तो गोष्ट सांगतो आणि कोण थोर ते स्वतः सांगत नाही! राजाला विचारतो, बोल, या तिघांत श्रेष्ठ कोण. म्हणजे माझ्याच लाडक्या जुन्या गोष्टी माझ्या विरोधात उभ्या राहिल्या. राजाचं उत्तर वाचायच्या आधी मी बोट घालून पुस्तक मिटायचो आणि आमच्या दादाशी पैज लावायचो.

तरी माझं अर्धं म्हणणं शिल्लक ठेवतो. बाजूच्या पात्रांना एक शब्द चालतो. कंजूस सावकार, आळशी गडी. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरने १९२७ मध्येच म्हणून ठेवलंय की कादंबरीत काही पात्रं सपाट असतात, काही गोल, आणि सपाट पात्रांचीही गरज असते. गावातल्या प्रत्येक माणसाला प्रसंग देत बसलो तर पोरगं झोपून जाईल.

मुक्काम म्युनिक

इथल्या मराठी शाळेत दर रविवारी आठदहा मुलं येतात, मी गोष्टी वाचून दाखवते. माझा अनुभव थोडा वेगळा आहे पण नंदाच्या कामाचा असावा.

आमच्या मुलांना विशेषणं अडतात. एकदा गोष्टीत 'आजी फार मायाळू होती' असं आलं, तर सगळ्यांनी विचारलं मायाळू म्हणजे काय. मी म्हटलं प्रेमळ. प्रेमळ म्हणजे? अशी मी शब्दांच्या विहिरीत उतरत गेले. पुढच्या रविवारी दुसरी गोष्ट होती, त्यात आजी स्वतःच्या पोळीवरचं तूप बोटाने निपटून नातवाच्या भातावर लावते. कोणी काहीच विचारलं नाही. एक जर्मन बाबा असलेला मुलगा नंतर मला म्हणाला, "ही आजी माझ्या आजीसारखी आहे, ओमा पण तिचं केकवरचं क्रीम मला देते."

कृती भाषा ओलांडते बघा. तोत्तोचान पण म्हणूनच पोचते. १९८१ चं जपानी पुस्तक, आणि ती गोष्ट नाही, लेखिकेच्या आठवणी आहेत हे मान्य, पण मुख्याध्यापक कोबायाशी कसे होते ते मुलांना पहिल्याच भेटीत कळतं. ते खुर्ची ओढून बसतात आणि त्या चिमुरडीचं बोलणं चार तास ऐकतात. चार तास! जांभई न देता. आमच्या वर्गातली मुलं आ वासून बघत होती कारण चार तास त्यांचं कोणी ऐकलेलंच नाही.

ओसरी

@मुक्काम म्युनिक, बोटाने तूप निपटणारी आजी कुठल्या गोष्टीतली?

मुक्काम म्युनिक

माझ्या आजीचीच, ताई. मीच लिहिली होती त्या रविवारसाठी.

रेषा

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, तर चित्रकाराच्या बाजूने थोडं.

कितीतरी वेळा असं हस्तलिखित येतं की 'राजू खोडकर होता' आणि शेजारी कंसात सूचना, 'खोडकर चेहऱ्याचा मुलगा काढावा'. खोडकर चेहरा कसा असतो? मला तुम्ही सांगा की त्याच्या चड्डीच्या खिशात काय आहे. बेचकी आहे, का अर्धवट चोखलेली गोळी, का मेलेला नाकतोडा काडेपेटीत ठेवलाय. मी ते काढते, मूल ते शोधतं.

माधुरी पुरंदरे हे फार सुंदर करतात, लिहितातही स्वतः आणि चित्रंही त्यांचीच, त्यामुळे शब्द जिथे थांबतो तिथे रेषा सुरू होते. 'राधाचं घर'मध्ये घरातलं एकेक माणूस येतं, तर ती माणसं आपल्याला त्यांच्या बसण्याउठण्यातून आणि आजूबाजूच्या वस्तूंतून ओळखीची होतात. माझी भाची ते पुस्तक वाचत नाही, त्यात राहते.

कडूलिंब

एक मुद्दा कोणीच मांडला नाही म्हणून लिहितेय, आणि जरा मनापासून लिहितेय.

आपल्या मुलांच्या गोष्टींमध्ये शरीर बघून स्वभाव ठरवतात. जाडा मुलगा आला की तो खादाड आणि आळशी. काळीसावळी, दात पुढे असलेली बाई आली की दुष्ट. नायिका गोरीपान, नाजूक. हा लेखकाने शोधलेला सोपा रस्ता आहे, मेहनत वाचते. पण त्या रस्त्यावर कोणीतरी चिरडलं जातं.

मी लहानपणी जाड होते, रंगाने काळी. आमच्या शाळेत गॅदरिंगच्या नाटकात पाच वर्षं मी राक्षसीण होते. पाचही वर्षं, कोणी विचारलंसुद्धा नाही. पाठांतर माझं सगळ्यात चांगलं, म्हणून बाई विंगेतून राजकन्येला शब्द सुचवायला पण मलाच सांगायच्या. मी राक्षसिणीचा मुखवटा घालून राजकन्येची वाक्यं कुजबुजायचे. त्या वयात मला पक्कं वाटायला लागलं होतं की माझा स्वभाव माझ्या अंगावर लिहिलेला आहे आणि तो सगळ्यांना वाचता येतो.

ओसरी, तुमच्या गोष्टीत कोणी चिडवणारा मुलगा असेल तर त्याला जाड करू नका, एवढंच मागते.

ओसरी

कडूलिंब, काय लिहू कळत नाहीये. माझ्या गोष्टीत संकेत नावाचा मुलगा आहे, नंदाला चिडवणारा. त्याचं वर्णन मी 'ढेरपोट्या, बसक्या नाकाचा' असं केलं होतं. लिहिताना एका क्षणासाठीही थांबले नव्हते. आत्ता खोडलं. धन्यवाद, अगदी मनापासून.

अक्षरवेडी

कडूलिंब, तुम्हाला एक घट्ट मिठी.

दुपारचा चहा

वर सगळं वाचलं, छान चाललंय. एक वेगळा मार्ग सुचवतो, पात्राला दुसऱ्याच्या डोळ्यांनी दाखवा. सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा १९६५ मध्ये आला तेव्हापासून त्याच्या गोष्टी त्याचा चुलतभाऊ तोपशे सांगतो. अशोक जैनांनी मराठीत आणल्या आहेत, माझ्या दोन्ही मुलांनी फडशा पाडलाय. तोपशे शाळकरी पोर, दादावर जीव टाकणारा. त्यामुळे फेलूदा हुशार आहे हे तोपशेच्या कौतुकातून कळतं आणि तोपशे किती निर्मळ आहे हेही त्याच कौतुकातून कळतं, एका दगडात दोन पक्षी. मग त्यात जटायू येतात, रहस्यकथा लिहिणारे, ज्यांच्या पुस्तकांत ढीगभर चुका. फेलूदा त्या दाखवतो आणि ते न रागावता पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करायला तयार. केवढा मोठा गुण आहे तो, आणि राय त्याला गुण म्हणतसुद्धा नाहीत.

नंदाची गोष्ट संकेतने सांगितली तर?

सायकलस्वार

अरे वा! हे भारीच होईल, चिडवणाऱ्यानेच सांगायचं.

ओसरी

@दुपारचा चहा, दोन दिवस प्रयत्न केला संकेतच्या तोंडून लिहायचा. नाही जमलं, तो सारखा माझ्यासारखा बोलायला लागतो. म्हणून परत नंदाच्या मागेच उभी राहिले. पण तुमच्या सगळ्यांचं वाचून पहिलं पान नव्याने लिहिलंय, देते इथे. बिनधास्त कापा.

"मी आलो," नंदा दारात उभी राहून म्हणाली, आणि अख्खा वर्ग हसला. का हसले ते तिला कळलं नाही. मागच्या बाकावरून एकाने तिच्याच सुरात म्हटलं, "मी आलोऽऽ", तेव्हा कळलं.
गणिताच्या तासाला तोच मुलगा पाठीत बोट टोचून म्हणाला, "ए कोल्हापूर, रबर दे."
नंदाच्या कंपासमध्ये एकच खोडरबर होता. निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी घेऊन दिलेला, स्ट्रॉबेरीच्या वासाचा. त्याचे कोपरेसुद्धा अजून झिजले नव्हते. तिने पट्टी उभी धरली आणि दाबली. दोन तुकडे झाले, पण बरोबर अर्धे नाही झाले. एक तुकडा तिने मागे दिला.
"संकेत," तो म्हणाला. "माझं नाव."
"मी इचारलो न्हाई," नंदा म्हणाली.
नंदा मनाने फार मोठी होती.

बेळगावी कुंदा

"मी इचारलो न्हाई"!! ताई, जिंकलंत. ही पोरगी भाषा बदलणार नाही.

अक्षरवेडी

शेवटची ओळ काढा, लगेच. तुमच्या भाचीचा प्रश्न परत यायच्या आत.

तळ्यातमळ्यात

मीही म्हणतो काढा. मी म्हणतोय म्हणजे बघा!

रेषा

कोपरे न झिजलेला रबर मला आत्ताच्या आत्ता काढावासा वाटतोय. पण मला चित्र काढायचं तर एक गोष्ट कळायला हवी. कुठला तुकडा दिला तिने? मोठा का लहान?

ओसरी

शेवटची ओळ काढली. आणि रेषा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही! लिहिताना माझ्या मनात मोठाच होता, ती चांगली मुलगी आहे ना. पण आता 'मी इचारलो न्हाई' म्हणणारी मुलगी पहिल्याच दिवशी, नक्कल करणाऱ्याला मोठा तुकडा देईल हे मलाच पटत नाहीये. लहान दिला तर ती कंजूस वाटेल का?

कडूलिंब

लहान दिला तर ती खरी वाटेल. पाच वर्षं राक्षसीण झालेली मुलगी सांगतेय, मी लहानच दिला असता.

सायकलस्वार

मोठा द्या हो, नायिका आहे ती. टॉम सॉयरसारखा नुसता डाव टाकणारा नायक असता तर गोष्ट वेगळी, १८७६ पासून तो कुंपण दुसऱ्यांकडून रंगवून घेतोय आणि तरी लाडका आहे. पण नंदा तशी नाही.

खडूफळा

ओसरीताई, तुमची परवानगी धरून उद्या वर्गात वाचतो हे पान. पोरांनाच विचारू.

ओसरी

सर, परवानगी काय विचारता. वाट बघते.

खडूफळा

वाचलं. सविस्तर लिहितो.

आधी रबराचा वास कसा असतो यावर दहा मिनिटं गेली, कारण तिघांनीच तसा रबर पाहिलेला. मग मी विचारलं, कुठला तुकडा दिला असेल? हात वर करा. मोठ्याला अकरा, लहानला नऊ. मोठावाले म्हणाले ती नवीन आहे, तिला मैत्रीण पाहिजे, मग मोठाच देणार. लहानवाले म्हणाले त्याने चिडवलंय, दिला हेच खूप.

एक मुलगी आहे चौथीतली, भिंतीकडेला बसते, वर्षभरात स्वतःहून दोनदा बोलली असेल. तिने हात वर केलाच नव्हता. मी विचारलं तुला काय वाटतं गं? बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "ल्हानच दिला आसंल. पन घरी गेल्यावर तिला गोड लागलं नसंल जेवन."

मी विचारलं मग?

"मंग दुसऱ्या दिवशी बदलून दिला आसंल. कुनी नसताना."

वर्ग एकदम शांत झाला. मोठावाले आणि लहानवाले दोघंही तिच्याकडे बघत होते. मग मागून एक जण म्हणाला, "सर, तसंच हाय ते."

रानजाई

बापरे.

अक्षरवेडी

कुनी नसताना. या दोन शब्दांत ती मुलगी नंदाबद्दल आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त सांगून गेली, आणि स्वतःबद्दलही.

तळ्यातमळ्यात

सर, तिला माझ्याकडून किशोरचे जुने अंक पाठवू का? १९७१ पासूनचं मासिक, माझ्याकडे दोन खोकी भरून आहेत. पत्ता खाजगीत द्या.

ओसरी

रात्रभर बसून लिहिलं. दुसऱ्या दिवशी नंदा शाळेत सगळ्यांच्या आधी येते, मागच्या बाकाच्या खणात हात घालते. लहान तुकडा तिथेच असतो, संकेतने त्यावर पेनाने काहीतरी लिहिलेलं असतं. 'कोल्हापूर'. ती थोडा वेळ ते वाचत उभी राहते. मग मोठा तुकडा खणात ठेवते आणि तो लिहिलेला लहान तुकडा आपल्या कंपासमध्ये टाकते. बस, प्रकरण तिथे संपतं. ती कशी आहे यावर एक शब्दही नाही.

आज संध्याकाळी भाचीला वाचून दाखवलं. या वेळी तिने थांबवलं नाही. शेवटी विचारलं, "संकेतला कळलं का कोणी बदलला?"

मी म्हटलं, लिहिलं नाहीये मी.

"कळलं असेल," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आत्या, पण लहान तुकड्याला वास कमी येतो का?"

मलाही माहीत नाही. उद्या स्ट्रॉबेरीचा रबर आणतेय, दोघी मिळून कापून बघणार आहोत.